संगणक : तयार आणावा की जुळवून घ्यावा?

पालघर-बोईसरच्या बाजूला हल्ली घरोघर एक नवाच उद्योग दिसू लागला आहे. कुणी लग्नपत्रिका आणि मुंजीची निमंत्रणं करून देते, कुणी बारशा-वाढदिवसाचे व्हिडिओ जोडून देते. कुणी वारली चित्रांचे नमुने काढून पिशव्यांवर, कुर्त्यांवर छापायला पाठवते, तर कुणी खाडीची मासळी कशी करायची ते दाखवते. बोईसरला तर औद्योगिक वसाहतीमुळे देशभरची माणसं राहायला आलेली. एकाच इमारतीत मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तीन भाषांतल्या पत्रिका लागतात. सुरुवात बहुतेकींची मोबाइलवरच होते. मग एक दिवस मोबाइल पुरेनासा होतो. छापखानेवाला म्हणतो, "ताई, असं चालत नाही, फाइल मोठी करून द्या," आणि घरात विषय निघतो : संगणक घ्यायला हवा.

विषय निघाला की लगेच दोन पक्ष पडतात. यजमान म्हणतात, "चांगल्या कंपनीचा तयार घेऊ, उगीच डोक्याला ताप नको." भाचा किंवा धाकटा दीर म्हणतो, "छे, असेंबल करू. तेवढ्याच पैशांत दुप्पट ताकदीचं मशीन होतं." दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. गंमत अशी, की त्या संगणकापुढे रोज बसणारी तिसरीच असते आणि ती त्या वेळी स्वयंपाकघरात चहा टाकत असते! हा लेख तिच्यासाठी आहे.

जुळवून घेणं म्हणजे काही कारखाना काढणं नव्हे. आपल्या आईच्या घरचं शिवणयंत्र आठवा. आधी हातानं फिरवायचं आलं, मग पायाचं टेबल जोडलं, पुढे काम वाढलं तेव्हा छोटी मोटार बसवली. यंत्राचं डोकं तेच राहिलं. असेंबल केलेला संगणक हा त्या जातीचा. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय आणि हे सगळं ज्यात बसतं ते कॅबिनेट, एवढे भाग निवडायचे. जरूर असेल तर ग्राफिक्स कार्ड, शिवाय मॉनिटर, कीबोर्ड, माउस. दुकानदार दोन-तीन तासांत ते जोडून देतो. हात चालणाऱ्या मुली घरीही जोडतात, लागतो तो एक स्क्रू-ड्रायव्हर आणि बराचसा धीर. मात्र भाग एकमेकांशी जुळावे लागतात. हुक एका मापाचा आणि फासा दुसऱ्या मापाचा असं चालत नाही. डीडीआर-४ प्रकारची रॅम डीडीआर-५ च्या खाचेत बसतच नाही, आणि प्रत्येक मदरबोर्डावर ठरावीक घराण्याचाच प्रोसेसर बसतो.

तयार संगणक, मग तो लॅपटॉप असो की टेबलावरचा, म्हणजे एकसंध वस्तू. एक बिल, एक हमी, तक्रारीला एकच दार. त्याची किंमत कळते, पण त्यात पुढे काय बदलता येईल हे सहसा कुणी आपण होऊन सांगत नाही. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम कायमची चिकटवलेली असते. काही कंपन्या टेबलावरच्या मशीनमध्येही पॉवर सप्लाय आपल्याच मापाचा घालतात, बाजारातला दुसरा त्यात जात नाही. तेव्हा भाव विचारण्याआधी हे विचारा : रॅमला खाचा किती, त्यातली रिकामी किती, आणि दुसरी एसएसडी बसते का?

काम आधी, मशीन मागून

सगळ्यात मोठा घोळ होतो तो इथे. आपण "चांगला संगणक कोणता?" असं विचारतो. विचारायला हवं ते हे, की माझ्या कामाला काय लागतं? पुरणपोळीचा तवा आणि मासे तळायची कढई यांत चांगलं कोणतं, असं आपण कधी विचारतो का?

पत्रिका, फलक, डब्यांवरची लेबलं, वारली नमुने हे काम मुख्यतः रेषेचं. कोरलड्रॉ, इंकस्केप यांसारख्या प्रोग्रॅममध्ये ते होतं आणि त्याला अवाढव्य मशीन लागत नाही. बरा मध्यम प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी एवढ्यावर वर्षानुवर्षं चालतं. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. दुकानदार "ताई, कार्ड टाकूनच घ्या, पुढे उपयोग होईल" म्हणाला तर हसून नको म्हणावं आणि ते पैसे मॉनिटरवर घालावेत.

मॉनिटरवर का? गेरूचंच उदाहरण घ्या. वारली चित्राची पार्श्वभूमी गेरूची, विटकरी तांबडी. स्वस्त पडद्यावर तोच रंग कधी नारिंगी दिसतो, कधी चॉकलेटी. पडद्यावर बघून तुम्ही रंग "दुरुस्त" करता आणि शंभर पिशव्या छापून आल्या की डोक्याला हात लावता. म्हणून पडदा आयपीएस जातीचा असावा आणि तो एसआरजीबी रंग जवळजवळ १०० टक्के दाखवतो, असं त्याच्या माहितीपत्रकात असावं. पुष्कळ स्वस्त लॅपटॉपांच्या माहितीत "४५ टक्के एनटीएससी" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्याचा साधा अर्थ असा, की एसआरजीबीतले पुष्कळसे रंग त्या पडद्याला दाखवताच येत नाहीत. असा लॅपटॉप घरात आधीच असेल तर टाकून देऊ नका, त्याला बाहेरून एक चांगला मॉनिटर जोडा. खरं तर कित्येकींचा प्रश्न एवढ्यावरच सुटतो. आणि हो, पडदा कितीही चांगला असला तरी छपाईची शाई चार रंगांची वेगळी असते. मोठ्या कामाआधी एक नमुना छापून घ्यायचाच.

फोटो सुधारण्याचं काम असेल तर १६ जीबीवर भागतं, ३२ असेल तर सुख. व्हिडिओचं मात्र गणितच निराळं. मोबाइलवर घेतलेलं फोर-के चित्रण जोडायला बसलात की रॅम, कार्ड, एसएसडी सगळ्यांची परीक्षा होते. इथे ३२ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि साठवणीला एक जास्तीची हार्डडिस्क लागते. ब्लेंडरसारख्या प्रोग्रॅममध्ये हलती चित्रं करणाऱ्यांनाही हेच. आणि नेमकं इथेच जुळवलेला संगणक तयार संगणकाला मागे टाकतो. कारण आज पत्रिकांपुरतं मशीन घेऊन दोन वर्षांनी, लग्नसराईची कमाई हातात आल्यावर, त्यातच कार्ड घालता येतं आणि रॅम वाढवता येते. संगणक कमाईबरोबर वाढतो. भिशीच्या एका पाळीत सगळं बसवण्याचा आटापिटा करावा लागत नाही.

मात्र त्यासाठी पाया नीट घालावा लागतो. पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड या दोन ठिकाणी काटकसर नको. नेमकी इथेच ती केली जाते, कारण हे भाग बाहेरून दिसत नाहीत. रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आणि आत बिननावाचा पॉवर सप्लाय, हा प्रकार हमखास आढळतो. "८० प्लस" अशी खूण असलेला नावाजलेल्या कंपनीचा पॉवर सप्लाय मागा. तो बिघडला तर एकटा बिघडत नाही, शेजारच्या दोघांना घेऊन जातो.

ॲपलचा मॅक मिनी या छोट्याशा डब्याचं नाव इथे घ्यायलाच हवं. २०२४ साली आलेला त्याचा एम-४ नमुना १६ जीबीसह ५९,९०० रुपयांपासून सुरू झाला आणि व्हिडिओच्या कामाला तो फार गुणी निघाला. वीज कमी खातो, आवाज जवळजवळ नाही. पण मॉनिटर, कीबोर्ड, माउस वेगळे घ्यावे लागतात, आणि रॅम जेवढी पहिल्या दिवशी घेतली तेवढीच जन्मभर. शिवाय आपल्याकडच्या छापखान्यांत अजून श्रीलिपीचा बराच वापर आहे आणि तो विंडोजवरचा कारभार. तुमचं काम मुख्यतः व्हिडिओचं असेल तर मॅक मिनी जरूर बघा. पत्रिकांचं असेल तर आधी आपल्या छापखान्याशी बोला.

वीज, खारी हवा आणि आपला परिसर

मुंबईच्या वातानुकूलित दुकानात बसून दिलेला सल्ला चिंचणी-तारापूर, केळवे, सातपाटीला जसाच्या तसा लागू पडत नाही. किनाऱ्याची खारी हवा लोखंडी खिडक्यांचं काय करते ते आपण पाहतोच. बोईसरच्या बाजूला त्यात कारखान्यांची भर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातल्या औद्योगिक पट्ट्यांमध्ये तारापूरचा क्रमांक सर्वांत वरचा होता. अशी हवा धातूच्या बारीक टोकांना सोसत नाही. संगणक खिडकीखाली ठेवू नका, जमिनीवरही ठेवू नका. पावसाळ्यात काम नसलं तरी दिवसाआड अर्धा तास सुरू ठेवा म्हणजे आतला दमटपणा जातो. दोन-तीन महिन्यांनी बटण बंद करून, पिन काढून, रंगाच्या मऊ कोरड्या ब्रशनं आतली धूळ झटकावी. पंख्याचं पातं त्या वेळी बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. ओलं फडकं आत कधीच न्यायचं नाही. हे सगळं जुळवलेल्या मशीनमध्ये सोपं, कारण बाजूची झाकणी दोन स्क्रूंत निघते. लॅपटॉप उघडायचा म्हणजे दुकान गाठायचं.

विजेच्या बाबतीत मात्र लॅपटॉपची बाजू भक्कम. वीज गेली तरी तो आपल्या बॅटरीवर चालू राहतो. टेबलावरच्या संगणकाला यूपीएस हवाच, तो हिशेबात धरूनच किंमत मांडा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार घेतो. पत्रिकांच्या मशीनला तो पुरतो, मोठ्या ग्राफिक्स कार्डाच्या मशीनला दुबळा पडतो. त्यावर मिळतात ती मोजकी मिनिटं, फाइल सेव्ह करून सुखरूप बंद करण्यापुरती. लेझर प्रिंटर त्यावर लावायचा नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण "यूपीएस" या बाजूला आहे ना ते बघा. नाहीतर वीज गेल्याच्या क्षणी संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तासाभराचं काम पाण्यात. कॅबिनेटला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या आल्या तर त्यात नशिबाचा काही भाग नाही, अर्थिंग नीट नाही. आधी वायरमनला बोलवा.

बिलाचाही हिशेब करू या. व्हिडिओचं मशीन कामात असताना ३०० वॅट घेतं असं धरा. रोज चार तास म्हणजे १.२ युनिट, महिन्याला ३६. कार्ड नसलेलं साधं मशीन १०० वॅटचं धरलं तर महिन्याला १२. लॅपटॉप ६० वॅटचा धरला तर सात-सव्वासात. तुमच्या बिलावरचा दर लावून पाहा. पत्रिकेचा भाव सांगताना हे पैसे धरायचे असतात, ते बहुतेकजणी विसरतात.

बिघडला तर?

तयार संगणकाची खरी किंमत त्याच्या हमीत असते, आणि हमी कागदावर सगळीकडे सारखीच दिसते. "ऑनसाइट" म्हणजे माणूस घरी येतो, हे ठीक. पण कुणाच्या घरी? खरेदीपूर्वी कंपनीच्या मदत-क्रमांकावर आपला पिनकोड सांगून विचारा, पालघरचा ४०१४०४, बोईसरचा ४०१५०१. माणूस येतो की मशीन घेऊन आपणच वसई-विरार किंवा मुंबई गाठायची? पंधरा दिवस मशीन नसेल तर ऐन वैशाखातल्या पत्रिका कोण करणार?

जुळवलेल्या मशीनला एक हमी नसते, प्रत्येक भागाची वेगळी असते. प्रोसेसरला सहसा तीन वर्षं, काही एसएसडींना पाच. पण तक्रार त्या त्या कंपनीकडे न्यायची. म्हणून बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि खोकी माळ्यावर ठेवा. पतीराज रद्दीवाल्याला द्यायला निघतील, त्यांना अडवा. याची चांगली बाजू अशी, की एक भाग गेला तर तेवढाच बदलतो, आणि स्टेशनजवळच्या बाजारातला कुठलाही जाणता कारागीर तो बदलू शकतो.

आता भाग आणायचे कुठून? भाचा हमखास लॅमिंग्टन रोडचं नाव काढतो. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेचा हा रस्ता, खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, संगणकाच्या भागांसाठी प्रसिद्धच आहे. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आल्यापासून जाणं सोपं झालं, तरी बोईसरहून अंतर सुमारे शंभर किलोमीटर. भाव बघायला एकदा जरूर जा. पण मदरबोर्ड सदोष निघाला तर तो घेऊन परत तिथंच जायचं आहे, हे ध्यानात ठेवा. माझं मत विचाराल तर तिथून किंवा ऑनलाइन भाव काढावेत आणि पालघर-बोईसरच्याच दुकानदाराला "यात किती कमी-जास्त?" असं विचारावं. थोडा फरक असला तर जवळचा बरा. मात्र कोटेशन ताजं हवं. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे चिप वळल्या आणि रॅमचे भाव जगभर भडकले. अशा वेळी जुन्या साठ्यातलं तयार मशीन जुळवलेल्यापेक्षा स्वस्त पडू शकतं. तेव्हा "असेंबल म्हणजे स्वस्तच" हे पाठ करून ठेवू नका. कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी धरला आहे का आणि विंडोजचा खरा परवाना आहे का, तेही पाहा. जुळवलेल्या मशीनमध्ये विंडोज "भरून" देतात, पण परवाना देत नाहीत असं पुष्कळदा होतं. चोरीच्या प्रोग्रॅमवर गिऱ्हाइकाचं काम करणं धोक्याचं. इंकस्केप, क्रिता, गिंप, ब्लेंडर हे प्रोग्रॅम फुकट मिळतात, दाविंची रिझॉल्व्हची एक आवृत्तीही.

जुनं मशीन घेणं हा तिसरा रस्ता. कार्यालयांतून काढलेले संगणक स्वस्तात विकायला येतात. विंडोज १० चा आधार कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, त्यामुळे असा माल वाढला. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, तेवढं विचारून घ्या. शिकण्यापुरतं असं मशीन वाईट नाही.

कुणाच्या हातात?

आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट यानिमित्तानं आठवते. वारली लग्नात भिंतीवर चौक काढायचा मान सुवासिनींचा, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघांनी. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी यांनी डहाणूकडच्या पाड्यांवर कागद आणि रंग नेले. भिंतीवरची कला कागदावर आली, जगभर गेली. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि ती त्यांना शोभलीच. पण साधन बदललं आणि भिंत रंगवणाऱ्या बायकांची नावं मागे राहिली, हेही खरं. संगणकाचं घरात तेच होताना दिसतं. पैसे तिच्या कामातून येतात, पण पासवर्ड मुलाला ठाऊक, दुकानदाराचा नंबर यजमानांकडे, आणि संध्याकाळी मशीन गेम खेळण्यात अडकलेलं.

म्हणून दुकानात तुम्ही स्वतः जा. जोडणी होत असताना शेजारी उभ्या राहा, कुठला भाग कुठे बसला ते मोबाइलवर टिपून घ्या. बिल तुमच्या नावावर करा. घरात जागा नाही, मशीन कपाटात ठेवून जेवणाच्या टेबलावर उघडायचं आहे, माहेरी-सासरी न्यायचं आहे, असं असेल तर लॅपटॉपच घ्या. त्याला पर्याय नाही आणि त्यात कमीपणाही नाही. पण एक कोपरा मिळत असेल आणि काम वाढायची आशा असेल तर माझा कौल जवळच्या दुकानातून जुळवून घेतलेल्या मशीनला.

पैसे मोजण्यापूर्वी आपलीच एखादी मोठी पत्रिका आणि मोबाइलवरचं पाच मिनिटांचं चित्रण पेनड्राइव्हवर घालून दुकानात न्या. तिथल्या तशाच मशीनवर ते उघडायला लावा, किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. आणि मराठीत "दुसऱ्या", "हृदय", "ज्ञानेश्वरी", "श्री गजानन प्रसन्न" एवढं टाइप करून, अक्षरांचे कर्व्ह करून, ती फाइल तुमच्या छापखान्याच्या मोबाइलवर तिथूनच पाठवा. त्याच्याकडे "ऱ्या" मोडून दिसला नाही, असा निरोप आला की मग पर्स उघडा.